गाडीच्या चाकोरीवरून

"मले तेलगू येत नाई, तूच सांग त्यायले, काय सांगाचं ते," असं अमरदीप एकदा आपल्या मुलीला म्हणाला होता.

उत्कर्षा तेव्हा सातवीत होती. जमिनीच्या पहाणीवर, म्हणजे उताऱ्यावर, आजोबांचं नाव चुकीचं पडलं होतं, ते दुरुस्त करायला बापलेक बेल्याच्या तहसील कचेरीत गेले होते. टेबलामागचा कारकून तेलगूत विचारत होता, उत्कर्षा मराठीत बापाला सांगत होती, बाप मान हलवत होता आणि उत्कर्षा त्या मान हलवण्याचं तेलगू करत होती. यात कुणालाच नवल वाटलं नाही. महाराष्ट्राला चिकटलेल्या तेलंगणातल्या या गावांमध्ये आईबाप मराठी शिकलेले आणि पोरं तेलगू, म्हणून घराघरात एक लेकरू कचेरीत पुढे घालायला राखलेलं असतं. आईचं अंगावरून जाणं थांबत नाही, हे दहा वर्षांची पोर डॉक्टरला सांगते. काकाने आजोबांवर कुऱ्हाड कशी उगारली, हे तीच पोर पोलिसाला सांगते. मोठ्यांचं दुखणं लहानांच्या तोंडातून बाहेर पडतं आणि घरी परतल्यावर त्यावर कुणी बोलत नाही.

एवढंच की बाजारापुरतं तेलगू गावात सगळ्यांनाच येतं. अमरदीप मात्र आदिलाबादच्या बाजारात वांग्यांचा भावसुद्धा हिंदीत विचारायचा. "सतरा वर्षं फौजेत गेली त्यायची, कोठून येईन तेलगू?" असं उत्कर्षाची आई भाग्यश्री म्हणायची. घरात टीव्हीवर तेलगू बातम्या लागल्या की तो उठून टीव्ही बंद करायचा. उत्कर्षा आपला धडा मोठ्याने वाचू लागली की बुटांच्या नाड्या बांधून बाहेर निघून जायचा. बापाला आपल्या शाळेच्या भाषेची किळस आहे, असं तिने लहानपणीच ठरवून टाकलं. ती शेजारच्या ओट्यावर बसून पाठ करू लागली. बापाविषयी माणूस एकदा जे ठरवतो ते सहसा पुन्हा तपासत नाही.

अमरदीप हा भिवाजी सालदाराचा मुलगा. भिवाजीने तीस वर्षं दुसऱ्याच्या वावरात सालाने काम केलं आणि शेवटी नाल्यापलीकडे चार एकर स्वतःचे केले. अमरदीप पहाटे वस्तीपासून पैनगंगेपर्यंत अनवाणी धावायचा. एकोणिसाव्या वर्षी तो भरती झाला, तेव्हा बौद्ध वस्तीतला तो पहिला फौजी. त्याचा वर्दीतला फोटो लोकांनी विहारात लावला. तिथे आधीच ज्या तसबिरी होत्या त्यांच्या खाली, पण त्याच भिंतीवर. सुट्टीवर आला की चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा त्याच्या हातात असायचा.

मग एका वर्षापासून तो झेंडा दुसऱ्याच्या हातात गेला. सुट्टीवर असूनही अमरदीप मिरवणुकीच्या दिवशी गावाबाहेर जाऊन बसू लागला. लग्न नवं होतं, लोकांनी त्याचा भलताच अर्थ काढला आणि हसून सोडून दिलं.

नोकरी संपवून तो कायमचा परतला तेव्हा वस्तीने बसथांब्यावर हार घातले आणि फटाक्यांची लड लावली. पहिला फटाका उडाला आणि हवालदार अमरदीप गळ्यातल्या हारासकट नालीच्या कडेला पोटावर पडला. डोकं दोन्ही हातांनी झाकून.

"गाडीतच घेतली वाट्टे फौजीनं!" कुणीतरी म्हणालं.

"घेऊ दे ना बाप्पा, सतरा वर्षाची तहान हाय!"

सगळे हसले. अमरदीप उठला, गुडघे झटकले आणि तोही हसला. दारू त्याने आयुष्यात घेतली नव्हती. पण गावाला दारू समजते, आणि जे समजतं त्याचा आडोसा बरा, एवढं शहाणपण त्याला त्या क्षणी सुचलं. त्या दिवसापासून तो पिणारा म्हणून ओळखला गेला. पहिलं निदान गावाने केलं, आणि ते पुसायला पुढे अकरा वर्षांत कुणीच आलं नाही.

जिनिंगवर त्याला रखवालदार म्हणून ठेवलं होतं. कापसाच्या गठाणी दाबणारं यंत्र खाली आदळायचं तेव्हा जमीन हादरायची. आठव्या दिवशी तो घरी आला तो परत गेला नाही. मग वावर. आणि वावरात ती गोष्ट लोकांच्या डोळ्यांवर आली.

तो बैलगाडीच्या चाकोरीतूनच चालायचा. धुऱ्यापर्यंत गाडीवाट होती, तिच्यात चाकांनी पाडलेल्या दोन खोल रेघा होत्या. त्यातल्या एका रेघेवर पाऊल, त्याच्या पुढे पाऊल, दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्यासारखं. रेघ जिथे संपायची तिथे तो थांबायचा. पुढे नांगरलेली काळी जमीन, मऊ, उकरलेली, खाली काय आहे ते न सांगणारी. तिच्यात त्याने कधी पाय टाकला नाही. पेरणीच्या दिवशी तो रेघेच्या टोकाशी उभा राहून बायकोला ओरडून सांगायचा, "पाय पाहून टाक वं, पाहून टाक!" भाग्यश्री सरकी टोबत पुढे जायची. लोक म्हणायचे, फौजीला चपला मळायची भीती आहे. दोन हंगामांनंतर वावर बटईने, पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला दिलं.

त्या चाकोरीचा उलगडा झाला तो दोन वर्षांपूर्वी, आणि तोही स्वयंपाकघरात. पांढरकवड्याचा खुशाल नावाचा त्याचा फौजेतला जुना साथीदार भेटायला आला होता. अमरदीप दूध आणायला गेला होता तेवढ्या वेळात खुशालने भाग्यश्रीला हळू आवाजात विचारलं, "वहिनी, हा राजमल्लूचं काही बोलते का?"

"कोण राजमल्लू?"

खुशालने बाहेरच्या दाराकडे एक नजर टाकली. मग त्याने सांगितलं. राजमल्लू मंचेरियलचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. तो आणि अमरदीप तेव्हाच्या एकाच जिल्ह्याचे, म्हणून एकाच ताटात जेवायचे, एकाच गाडीने सुट्टीवर यायचे. सीमेवर मैलोन् मैल सुरुंग पेरलेले होते. राजमल्लूचा पाय वाटेवरून एक हात बाहेर पडला. अमरदीप त्याच्यापासून नऊ पावलांवर होता. सुरुंग काढणारे येईपर्यंत कुणीही जागचं हलायचं नाही, असा हुकूम होता. ते यायला चाळीस मिनिटं लागली.

"चाळीस मिनिटं तो हाका मारून राह्यला होता वहिनी. 'अमरभाऊ, इकडे ये. अमरभाऊ, इकडे ये.' दुसरं काईच नाही. हा हलला नाही. हुकूमच होता. मंग हाका बंद झाल्या."

उत्कर्षा दाराआड भाकरीचं पीठ चाळत उभी होती. तिने सगळं ऐकलं. तेवढ्यात अमरदीप दूध घेऊन आला आणि खुशाल पावसापाण्याचं बोलू लागला.

त्याच वर्षी माजी सैनिकांसाठी तपासणी शिबिर झालं. उत्कर्षा बापासोबत गेली. तपासणारे डॉक्टर स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे, आवाजाने मायाळू. अमरदीप खुर्चीत बसलाच नाही. टाचा जुळवून उभा राहिला.

"नींद आती है?"

"आती है, सर."

"सपने? घबराहट?"

"नहीं, सर."

"घर में सब ठीक?"

"सब ठीक है, सर."

प्रत्येक उत्तराला छाती अर्धा इंच पुढे. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून "शाबाश" म्हटलं आणि पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. उत्कर्षा तिथेच उभी होती. तिचं तोंड उघडलं नाही, कारण त्या दोघांमध्ये भाषेची अडचणच नव्हती आणि तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. दुसरं निदान पित्ताचं झालं. गोळ्या अमरदीपने नियमाने घेतल्या, हुकूम घ्यावा तशा.

उत्कर्षा आता आदिलाबादला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मनाच्या आजारांच्या तेलगू पुस्तकात तिला एक पान सापडलं. झोप मोडणं, दचकणं, माणसांपासून तुटणं, एखादा आवाज किंवा वास किंवा जागा टाळणं, जिवंत राहिल्याची लाज. पान वाचताना तिला वाटलं, कुणीतरी आपल्या घरात महिनाभर राहून हे लिहिलं आहे. पानाच्या शेवटी एक ओळ होती की हा आजार ओळखला तर उपचार आहेत. ती ओळ तिने तीनदा वाचली. मग तिला राग आला. आजार ओळखायचा कुणी? माणूस स्वतः सांगत नाही, घरचे सांगत नाहीत आणि विचारणाऱ्याला पित्तापलीकडे वेळ नाही.

या उन्हाळ्यात एका दुपारी भाग्यश्रीने त्याला जेवायला उठवलं. इतक्या वर्षांत ती लांबून हाक मारून उठवायची, काठीने खाट वाजवायची. त्या दिवशी विसरली आणि पायाला हात लावला. पुढचं उत्कर्षाने पाहिलं. आई भिंतीशी, बापाचे दोन्ही हात तिच्या गळ्यावर आणि बापाचे डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत घरातलं कुणीच नाही. उत्कर्षाने पाण्याची बादली अंगावर ओतली तेव्हा हात सुटले. अमरदीप ओल्या अंगाने खाली बसला आणि आपल्या हातांकडे पाहत राहिला. परक्याची वस्तू चुकून उचलून आणावी, तसं त्यांच्याकडे पाहत.

आठवडाभर भाग्यश्री गळ्याभोवती पदर गुंडाळून फिरली. त्याच आठवड्यात अमरदीपने तिला पेन्शनची कागदपत्रं कुठे ठेवली आहेत ते दाखवलं. चार दिवसांनी पुन्हा दाखवलं.

"दोनदा काऊन दाखवून राह्यले तुमी?" तिने विचारलं.

"ध्यानात राह्यलं पायजे म्हणून."

त्या दिवशी भाग्यश्री गोठ्यात उत्कर्षाजवळ आली. "तुया डॉक्टरीनबाईले दाखव यायले. पण या खेपेला जे हाय ते सांगजो. हे काईच सांगणार नाईत. तू सांग."

"आई, दुभाष्यानं आपल्या मनचं सांगायचं नसते. शिकवते आमाले तसं."

"मंग तुयी शिकवणूक धरून बस, न् मले जाळाले ये," असं म्हणून भाग्यश्री शेण उचलू लागली.

आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून दोनदा मनाच्या आजाराची तपासणी असते. डॉ. प्रियदर्शनी वरंगळहून आलेल्या, वयाने तरुण, रुग्ण उठून गेला तरी दाराकडे थोडा वेळ पाहत राहणाऱ्या. उत्कर्षाने त्यांना आधी शिबिराची हकीकत सांगितली होती. त्या तेलगूत म्हणाल्या होत्या, "हिंदीत विचारायचंच नाही. हिंदी ही त्यांची परेडची भाषा आहे, हिंदीत ते रिपोर्टच देणार. आईच्या भाषेत विचारू. मला मराठी येत नाही, तू मध्ये बस." आजवर हा विचार कुणी केला नव्हता. उत्कर्षाला त्या रात्री झोप लागली नाही असं नव्हे, उलट किती तरी वर्षांनी ती गाढ झोपली.

आरटीसीच्या बसमध्ये अमरदीप शेवटच्या बाकावर, पाठ पत्र्याला टेकवून बसला. कंडक्टरने उत्कर्षाला आधार कार्ड पाहून बायकांचं फुकटचं झिरो तिकीट दिलं आणि बापाला पूर्ण.

"फौजीले फुकट नाई, अन् पोट्टीले फुकट," अमरदीप म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो गमतीने बोलला होता. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "सगळं ठीक हाय म्हण बाई. दोन गोळ्या लिहून देतीन. तुया आईचं समाधान."

"हो बाबा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी त्याला भिंतीकडे पाठ येईल अशी खुर्ची दिली. हेही आजवर कुणी केलं नव्हतं. तो बसला. त्यांनी उत्कर्षाला तेलगूत विचारलं, उत्कर्षाने मराठीत विचारलं, "बाबा, झोप लागते का?"

"लागते."

उत्कर्षाने डॉक्टरांकडे तोंड केलं. बाप तिच्या उजव्या हाताला दोन फुटांवर होता. तिने तेलगूत सांगितलं की झोप दीड-दोन तास लागते, की ते दचकून उठतात, की उठल्यावर घराला तीन फेऱ्या घालतात. डॉक्टर लिहू लागल्या.

"बाबा, आवाजानं दचकता का?"

"नाई."

तिने तेलगूत हार, नाली आणि फटाक्यांची लड सांगितली. जिनिंग सांगितलं. चौदा एप्रिल सांगितला.

"कोणाले मारावंसं वाटते का?"

"नाई वं. काय इचारते."

तिने आईचा गळा सांगितला. पाण्याची बादली सांगितली. आई आठवडाभर पदर कसा गुंडाळायची ते स्वतःच्या ओढणीने करून दाखवणार होती, पण बाप पाहील म्हणून हात आवरला. शब्द मात्र आवरायची गरज नव्हती. शब्द त्याच्या डोक्यावरून जात होते. इतकी वर्षं या भाषेने तिला बापापासून तोडलं होतं, आज तीच भाषा भिंतीसारखी उभी राहून तिला आडोसा देत होती. या भिंतीमागे ती सगळं बोलू शकत होती. तिचा आवाज मोकळा झाला. चाकोरी, ओरडून सांगितलेलं "पाय पाहून टाक," दोनदा दाखवलेली पेन्शनची कागदपत्रं. तिला भीती वाटते की तिसऱ्यांदा दाखवायला ते उरणार नाहीत, हेही तिने सांगितलं.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. "एका शब्दाचं एवढं?" त्यांनी तेलगूत विचारलं. "हे सगळं आत्ता ते म्हणाले?"

"हो," उत्कर्षा म्हणाली.

डॉक्टरांनी अमरदीपकडे पाहिलं. तो समोरच्या टेबलाच्या कडेकडे पाहत होता. हात मांडीवर, बोटं जुळवलेली, परेडमध्ये बसायला सांगितल्यासारखी.

"हे सुरू कुठून झालं, ते विचार."

उत्कर्षाने हे मराठीत विचारलंच नाही. ती तेलगूत सरळ सांगू लागली. राजमल्लू नावाचा एक मित्र होता. पाय वाटेबाहेर पडला. बाबा नऊ पावलांवर होते, हलायचं नाही असा हुकूम होता. चाळीस मिनिटं तो बाबांना बोलावत होता.

"काय म्हणून बोलावत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

खुशालकाकाचे शब्द तिला पाठ होते. तिने त्यांचं तेलगू केलं, जसं तिच्या वर्गातली कुठलीही मुलगी थोरल्या भावाला हाक मारेल तसं. "अमरन्ना, इटु रा," ती म्हणाली. खुशालकाका दोनदा म्हणाला होता म्हणून तिनेही पुन्हा म्हटलं, "अमरन्ना, इटु रा."

बापाच्या मांडीवरची बोटं उघडली. एवढंच. कुणाच्या लक्षात यावं असं काही घडलं नाही.

डॉक्टरांनी कागदावर आजाराचं नाव लिहिलं. ते उलट्या बाजूनेही उत्कर्षाला वाचता आलं. त्या चाळीस मिनिटांनंतर तेवीस वर्षांनी पहिल्यांदा ते बरोबर लिहिलं गेलं होतं. खाली त्यांनी औषधं लिहिली आणि दर पंधरवड्याला बसून बोलण्याच्या तारखा घातल्या. उत्कर्षाने त्या तारखा मनात नोंदवल्या. आईला फोन करून काय सांगायचं याची वाक्यं ती जुळवू लागली.

मग डॉक्टरांनी पेन ठेवलं. बापाचा एक शब्द आणि पोरीची दहा वाक्यं हे गणित त्यांना खटकत असावं. आवाज न बदलता, नजर कागदावरून न काढता, त्या तेलगूत उत्कर्षाला म्हणाल्या, "बाबांना दोन मिनिटं बाहेर बसायला सांग. मला तुझ्याशी एकटीशी बोलायचं आहे."

हे मराठीत सांगायला उत्कर्षाने बापाकडे मान वळवली. तोंड उघडलं. शब्द अजून जिभेवर यायचा होता.

अमरदीप उठून उभा होता.

डॉक्टरांचं तेलगू त्याला तिच्याशिवाय कळलं होतं. मंचेरियलचा राजमल्लू मराठीत हाका मारणं शक्य नव्हतं, ही इतकी साधी गोष्ट दोन वर्षांत तिच्या मनात एकदाही आली नव्हती. खुशालकाकाने आपल्या भाषेत सांगितलं आणि तिने आपल्या भाषेत ऐकलं. टीव्ही, धडे, बुटांच्या नाड्या, सगळं एकदम तिच्याकडे वळून पाहू लागलं. आणि बापाने इतकी वर्षं जे झाकलं होतं, त्यावरचा पदर तिने आज त्याच्या देखतच ओढून काढला होता.

"बाबा," ती म्हणाली. कोणत्या भाषेत पुढे बोलायचं ते तिला कळेना.

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिने तो आयुष्यभर पोसला असता. राग नव्हता. नऊ पावलांवरून कुणीतरी पाहावं, तसं तो पाहत होता. मग त्याने खुर्ची पुन्हा टेबलाला समांतर लावली. डॉक्टरांनी पुढे केलेला कागद टेबलावरच राहिला.

बाहेरच्या लांब पडवीत पांढऱ्या फरशीवर स्ट्रेचरच्या चाकांनी दोन काळपट रेघा पाडल्या होत्या, जिन्यापर्यंत आणि तिथून फाटकाकडे. अमरदीप दारात क्षणभर थांबला, खाली पाहून त्याने उजवी रेघ निवडली, आणि पावलापुढे पाऊल ठेवत निघून गेला.